आधी कडबा, मग जीवामृत

तो मेसेज तुम्हालाही आला असेलच. आपले पूर्वज रसायनांशिवाय शेती करत होते, किती शहाणे होते, आणि आजचा शेतकरी लोभापायी काळ्या आईला विष पाजतो... वगैरे वगैरे. आमच्या घरच्या ग्रुपवर तो महिन्यातून दोनदा फिरतो. पुण्याहून येतो, न्यू जर्सीहूनही येतो. त्याच ग्रुपवर दर्यापूरकडे कोरडवाहू शेती करणारा आमचा चुलतभाऊ आहे. तो तणनाशक फवारतो म्हणून सगळे त्याला उपदेश करतात आणि तो बिचारा गप्प बसतो. माझ्याच्यानं गप्प बसवत नाही, म्हणून ही पोस्ट. मंडळी, रागवायचं असेल तर जरूर रागवा, पण पूर्ण वाचून रागवा!

पहिलंच सांगतो, मी नैसर्गिक शेतीच्या विरोधात नाही. सुभाष पाळेकर आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली, 2019 च्या केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात झिरो बजेट शेतीचं नाव आलं, तेव्हा मलाही बरं वाटलं. एका देशी गाईवर 30 एकर, असं त्यांचं गणित. 10 किलो शेण, गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, 200 लिटर पाणी, की झालं एकरभराचं जीवामृत. कृती सोपी आहे, कुणीही पाठ करावी. पण कृती म्हणजे शेती नव्हे. आमच्या आजोबांना ही कृती ठाऊक नव्हती, तरी त्यांची जमीन सुपीक होती. कशी?

तर ती कशी, ते जरा बघू. वऱ्हाडातल्या जुन्या रानात कपाशी एकटी नसायची. दर काही तासांनंतर तुरीचं एक तास. तिफणीमागे सरता धरून बायका चालत, आणि कुठलं बी कुठे पडायचं हे त्यांच्या हाताला माहीत असे. शेजारच्या वावरात ज्वारी, तिच्यात मूग-उडीद, कडेला अंबाडी. मूग पोळ्याच्या आसपास घरात, ज्वारी दिवाळीच्या पुढेमागे, तूर संक्रांतीच्या सुमारास. एक पीक बुडालं तर दुसरं हात देई. पुढच्या वर्षी ज्वारीच्या जागी कपाशी, मूग-उडदाचा बेवड तिला मिळे.

पूर्णेच्या दोन्ही अंगांना आमचा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, ते पिकाला दिलं की जमीन बिघडते. सगळी भिस्त पावसाच्या ओलीवर. काळी माती वाळली की भेगा पडतात आणि ओल उडून जाते. म्हणून डवऱ्याचे फेर द्यायचे. डवरा तण काढतो, शिवाय भेगा बुजवून ओल धरून ठेवतो. एका कामात दोन कामं. हे खरं परंपरागत ज्ञान! पण डवरा आपोआप चालत नाही हो. त्याला बैल लागतात. बैलाला कडबा लागतो. आणि कडबा ज्वारीचा असतो.

इथेच सगळी गोम आहे. ज्वारी म्हणजे नुसती भाकर नव्हती, ती बैलाची पगारपत्रिका होती. 1964 साली सीएसएच-1 ही संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, ताट बुटकं झालं, कडबा घटला. 1970 साली एच-4 हा संकरित कापूस आला. मग रेशनवर गहू-तांदूळ आला आणि ज्वारीला विचारणारं कुणी उरलं नाही. नंतर सोयाबीन आलं. रोही आणि रानडुकरं तर एका रात्रीत उभी ज्वारी झोपवतात. राहिलेल्या दोन एकरांची राखण एकटा माणूस किती रात्री करणार? सोयाबीनचं कुटार होतं, पण त्यानं कडब्याची जागा भरत नाही. कडबा गेला, बैल गेले, शेणखत गेलं, डवरा गेला. तण मात्र राहिलं.

आता कळलं तणनाशक कुठून आलं ते? जून 2019 मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेच्या लोकांनी बंदी असलेलं तणनाशक-सहनशील बीटी कापसाचं बी जाहीरपणे पेरलं. शहरातल्यांना तो अडाणीपणा वाटला. मला ते आंदोलन पटलं नाही, पण त्यामागची अडचण शंभर टक्के खरी होती. निंदणाची मजुरी परवडत नाही आणि दावणीला बैल नाहीत, तर माणसानं काय करावं?

अजून एक न आवडणारी गोष्ट बोलतो. 2015 साली राज्यात बैलांच्या कत्तलीवर बंदी आली. हेतू काहीही असो. पूर्वी थकलेली जोडी विकून आलेल्या पैशात थोडी भर घातली की नवी जोडी येई. जुन्या जोडीची ती किंमतच गेली. चुलतभावानं जोडी मोडली ती मोडलीच, पुन्हा घेतली नाही. आता गोमातेवर मेसेज पाठवणारे पोळ्याला मातीच्या बैलांचे फोटोही पाठवतात. छान असतात फोटो!

मला चीड येते ती याची. ज्ञानाची तारीफ करायची आणि ते ज्ञान ज्या व्यवस्थेवर उभं होतं ती मोडताना बघत बसायचं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, भाषणं झाली, बिस्किटं आली. 2025-26 साठी संकरित ज्वारीचा हमीभाव 3,699 रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा 7,710. आणि हमीभाव फक्त दाण्याला. कडब्यानं दावण जगते, शेणानं जमीन जगते, त्याचा हिशेब कुठल्या कागदावर आहे?

मग करायचं काय? माझं म्हणणं साधं आहे. हंगामात ज्वारीची खरेदी वेळेवर व्हावी आणि तीच वऱ्हाडातल्या रेशनवर नियमित मिळावी. उंच ताटाच्या वाणांना किंमत यावी. रानडुकरांच्या नुकसानीची भरपाई पुढच्या पेरणीआधी हातात पडावी. जो कामाची बैलजोडी सांभाळतो, त्याला सांभाळण्याचे पैसे मिळावेत. ट्रॅक्टरला अनुदान चालतं, तर बैलानं काय घोडं मारलंय? एवढं झालं, तर जीवामृत शिकवायला शिबिरं घ्यावी लागणार नाहीत, शेण असलं की शेतकरी आपला आपण शहाणा असतो.

आणि आपल्यासारख्यांनी? आत्या, मामा, न्यू जर्सीकर मंडळी, काळी आई एवढी प्रिय असेल तर पुढच्या मृगाआधी गावाकडच्या आपल्या माणसाला फोन करा. म्हणा, भाऊ, दोन एकर ज्वारी पेर, दोन क्विंटल मी घेतो, भाव तू सांग. आगाऊ पैसे पाठवा. मी दोन क्विंटल सांगून ठेवली आहे. बाकीचे किती घेणार, ते खाली लिहा.