पुढे उभी असलेली चिमी



बाईला दिवस गेले की सल्ला द्यायला सगळं जग पुढे येतं. पपई खाऊ नको, जड उचलू नको, जिना सावकाश चढ. मला पाचवा महिना लागला आणि त्यात मी माझी एक भर घातली. "अहो, जरा हळू!" ह्यांच्या स्कूटरवर मागे बसलं की विश्रामबागेपासून मिरजेपर्यंत माझा हाच जप. खड्डे कुठे, पट्टे न मारलेला गतिरोधक कुठला, वडापवाले कुठे एकदम गाडी थांबवतात, सगळं तोंडपाठ झालं. सहा वर्षं त्याच रस्त्यानं शाळेत शिकवायला जाते, पण रस्ता जणू आत्ताच दिसायला लागला. मनात म्हटलं, किती जबाबदार झालो आपण!

आणि गेल्या महिन्यात एक कुत्रं आडवं आलं. ह्यांनी करकचून ब्रेक दाबला. गाडी पडली नाही, वेगही बेताचाच होता. माझा हात आपसूक पोटावर गेला. पण आमची सहा वर्षांची चिमी नेहमीसारखी पुढे उभी होती. तिचं तोंड हँडलवर आपटलं, ओठ फुटला, फ्रॉकवर रक्त ओघळलं. मी उतरून तिला जवळ घेतलं, तर रडता रडता ती विचारते, "आई, बाळाला लागलं का गं?"

खरं सांगते, मला तिच्याकडे बघवेना. जे बाळ अजून जगात यायचं आहे, त्याच्यासाठी मी खड्डा न् खड्डा मोजत होते. आणि हे पोर चार वर्षं आमच्या पुढ्यात उभं राहून हिंडत होतं, त्याच्यासाठी एकदाही "जरा हळू" म्हटलं नव्हतं.

मी शाळेत गणित शिकवते. त्या रात्री झोप येईना म्हणून हिशेब मांडला. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ब्रेक दाबायचं मनात येऊन हात हलायला एकच सेकंद धरला, तरी तेवढ्यात गाडी आमच्या वर्गाच्या लांबीपेक्षा पुढे गेलेली असते. थांबते ती त्याच्याही पुढे. आणि पुढे उभ्या मुलाच्या समोर असतं हँडल, पाठीमागे वडिलांचं सगळं वजन.

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंकडे गेलो ते चिमीच्या ओठासाठी. त्यांनी आधी मलाच तपासलं. गरोदरपणी पोटाला हिसका बसला, तर वरून खरचटलं नसलं तरी दाखवायचंच. क्वचित वार आतून सुटू शकते, असं त्यांनी बजावलं. पोटात दुखलं, रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट बघायची नाही. गाडी नसेल तर १०८ ला फोन करायचा.

आता आमच्या घरी काय ठरलं ते सांगते. दुचाकीवर चालवणारा आणि मागे एक, एवढीच परवानगी कायदा देतो. तिघांनी जायचं असेल तर रिक्षा किंवा बस. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट सक्तीचं आहे, आणि ते त्याच्या मापाचं हवं. बाबांचं मोठं हेल्मेट डोक्यावर गदागदा हलत असेल तर त्याचा उपयोग नाही. चार वर्षांखालच्या मुलासाठी २०२३ पासून नियम आहे: गाडी चालवणाऱ्याशी बांधून ठेवणारा पट्टा, नऊ महिन्यांपासून पुढे हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत.

माहेरी मोटारीनं जाणार असाल तर "पोटाला काचतो" म्हणून सीटचा पट्टा सोडू नका. खालचा पट्टा पोटाखालून, मांड्यांच्या वर कमरेच्या हाडांवर घ्यायचा. वरचा दोन्ही स्तनांच्या मधून पोटाच्या बाजूनं. बाळ झाल्यावर त्याला मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसायचं नाही, आणि एकाच पट्ट्यात दोघांना तर कधीच बांधायचं नाही. दुचाकीवर मागे बसताना पदर, ओढणी खोचून घ्या. चाकावरचं साडीगार्ड निघालं असेल तर आधी बसवून घ्या. मी तर आता डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून बाळंतपणापर्यंत स्कूटरला रामरामच ठोकलाय. महिन्याच्या खर्चात रिक्षाची भर पडली आहे, पण दोन साड्या कमी घेतल्या की भागतं.

"एवढ्याशा अंतराला कशाला हे सगळं?" असं हे म्हणालेच. मी चिमीचा तो फ्रॉक धुऊन घडी घालून ठेवला होता. डाग पुरता गेला नव्हता. तो नुसता पुढे ठेवला. सासूबाईही म्हणाल्या, "आमच्या वेळी कुठे होती ही थेरं?" मी म्हटलं, "आई, तुमच्या वेळी रस्त्यावर एवढ्या गाड्या तरी कुठे होत्या?"

पुढे डोहाळजेवणाची बोलणी निघाली. त्यांनी विचारलं, हिरव्या साडीला काठ कसले हवेत. म्हटलं, "साडी राहू दे, चिमीला हेल्मेट आणा." पुटपुटल्या थोड्या, पण दोन्ही आणलं हो!

परवा चिमी हेल्मेट घालून आरशासमोर उभी होती. म्हणाली, "बाळालाही असंच आणायचं हं." आणू या, म्हटलं.

तुमच्या स्कूटरवर पुढे कोण उभं असतं? एकदा बघा बरं.