चित्रपट-परामर्श : मावळच्या मातीतले सहा चित्रपट

दिवाळी जवळ आली की भोर आणि वेल्ह्याच्या घराघरांपुढे मातीचे किल्ले उभे राहू लागतात. गोणपाट चिखलात बुडवून त्याचे डोंगर होतात, अळीव पेरून रान उगवते आणि बाजारातून आणलेले चिमुकले मावळे बुरुजांवर पहारा देऊ लागतात. इतर गावांतली मुले पुस्तकातले चित्र समोर ठेवून किल्ला रचतात. वेल्ह्याच्या मुलांना तोरणा रचायचा तर मान वर केली की पुरते. १४०३ मीटर उंचीचा तो गड गावावर सावली धरून उभाच आहे.

मात्र अलीकडे या किल्ल्यांवरची माणसे बदलू लागली आहेत. मावळा कसा दिसत असे, महाराज कसे बोलत असत, लढाई कशी होत असे, याचे उत्तर मूल आता आजोबांना विचारत नाही. ते त्याने पडद्यावर पाहिलेले असते. सुट्टीत सारे घर टीव्हीपुढे बसते आणि ‘आज कोणता लावायचा?’ असा प्रश्न निघतो. शिवकाळावरील चित्रपटांची संख्या वाढली आहे आणि त्यांपैकी बऱ्याच कथांचे मूळ याच दोन तालुक्यांत आहे. वेल्हे तालुक्याला तर आता राजगडाचेच नाव मिळाले आहे. म्हणून येथील कुटुंबांसाठी ही निवड केवळ करमणुकीची नाही. आपल्या शेजारच्या गावातील माणूस पडद्यावर कसा दिसतो, याचाही तो प्रश्न आहे.

पुढील सहा चित्रपटांकडे त्याच दृष्टीने पाहिले आहे. नायकाचे शौर्य सर्वच चित्रपटांत आहे. त्याच्या सोबत्यांना चित्रपटाने किती जागा दिली, हे तपासण्याजोगे आहे.

फत्तेशिकस्त (२०१९)

दिग्दर्शक दिग्पाल लांजेकर. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री पुण्याच्या लाल महालात शिरून शायिस्ताखानाची बोटे छाटली गेली, तो प्रसंग. शिवरायांच्या भूमिकेत चिन्मय मांडलेकर, जिजाऊंच्या भूमिकेत मृणाल कुलकर्णी, तर खान झाला आहे अनुप सोनी. चित्रीकरणाचा काही भाग प्रत्यक्ष राजगडावर झाला, आणि त्याचा लाभ चित्रपटाला मिळाला आहे. खरा दगड आणि खरे वारे यांना सजावटीची गरज पडत नाही. छाप्याची आखणी, हेरांनी आणलेल्या बातम्या, माघारीची वाट या गोष्टींना वेळ दिल्यामुळे हा विजय चमत्कार वाटत नाही. तो अनेकांनी मिळून केलेल्या कामाचे फळ वाटतो. मध्येच येणारी गाणी मात्र आखणीचा ताण सैल करतात.

अभिप्राय : दहा-बारा वर्षांच्या मुलांना प्रथम दाखवावा असा. पाहून झाल्यावर राजगड चढण्याचा हट्ट होण्याची तयारी ठेवावी.

तान्हाजी : द अनसंग वॉरियर (२०२०)

दिग्दर्शक ओम राऊत. अजय देवगण तान्हाजी, सैफ अली खान उदयभान, शरद केळकर शिवराय. या चित्रपटाने राष्ट्रीय पुरस्कार मिळवले आणि मालुसऱ्यांचे नाव महाराष्ट्राबाहेर घराघरांत पोहोचवले, हे त्याचे श्रेय मोकळेपणाने द्यावे लागेल. परंतु संगणकावर उभारलेले कडे इतके अजस्र आहेत की त्यांपुढे माणूस खेळण्यासारखा दिसतो. कथेतील ‘नागिन’ नावाची प्रचंड तोफ कोंढाण्यावरून राजगडावर रोखली जाते. या दोन गडांमधले सरळ अंतर सुमारे १५ किलोमीटर आहे. त्या काळची कोणती तोफ एवढ्या अंतरावर मारा करणार, असा प्रश्न सिंहगडावरून राजगड पाहिलेल्या कोणत्याही मुलाला पडेल, आणि तो पडायलाच हवा. मगरीचे मांस खाणारा उदयभान हा इतिहासातला किल्लेदार राहत नाही. तो परीकथेतला राक्षस होतो. शत्रूला राक्षस केले की त्याला हरवणाऱ्याचे माणूसपणही थोडे कमी होते.

अभिप्राय : खेळ म्हणून नेत्रसुखद, इतिहास म्हणून सावधपणे पाहावा. लहान मुलांसोबत वडीलधारे असावेत.

पावनखिंड (२०२२)

पुन्हा दिग्पाल लांजेकर, आणि भोरकरांसाठी या सहांतला सर्वांत जवळचा चित्रपट. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटून शिवराय विशाळगडाकडे निघाले आणि वाटेतील घोडखिंड बाजीप्रभू देशपांडे व बांदलांच्या सैनिकांनी रोखून धरली. हे बाजीप्रभू भोर तालुक्यातील हिरडस मावळच्या शिंद गावचे. बांदल देशमुखही याच मावळचे. अजय पूरकर यांचे बाजीप्रभू भारदस्त आहेत. पण चित्रपटाचे खरे बळ दुसरीकडे आहे. रायाजी आणि कोयाजी बांदल, त्यांच्यामागे उभी असलेली दीपाई बांदल आणि शिवरायांचे सोंग घेऊन मृत्यूकडे चालत गेलेला शिवा काशीद या सर्वांना येथे नाव आहे, चेहरा आहे, बोलण्याची संधी आहे. शाळेच्या पुस्तकात ‘बाजीप्रभू आणि मावळे’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेले मावळे येथे एकेक करून ओळखीचे होतात.

खिंडीतील लढाई गरजेपेक्षा लांबली आहे. एकेका मरणाला संगीताची इतकी जोड दिली आहे की शेवटी प्रेक्षक दमून जातो. थोड्या शांततेने अधिक काम झाले असते. तरीही ही माणसे घरी परत येणार नाहीत, हे या चित्रपटात कळते आणि लागते.

अभिप्राय : अवश्य पाहावा. रक्तपात आहे, म्हणून अगदी लहानांना नको.

शेर शिवराज (२०२२)

अफझलखान प्रकरण, दिग्दर्शक तेच. मुकेश ऋषी यांचा खान देहाने आणि आवाजाने पडदा व्यापतो. १० नोव्हेंबर १६५९ च्या त्या भेटीआधीची बोलणी, वकिलांची ये-जा आणि डावपेच यांत चित्रपट रमतो आणि तेथेच तो चांगला आहे. वैभव मांगले यांनी रंगवलेला शिवरायांचा वकील लक्षात राहतो. तलवार न उपसताही स्वराज्य राखता येते, हे त्या पात्रामुळे मुलांना दिसते.

या प्रकरणातील भोरचा धागा मात्र याहून ठळक करता आला असता. १६ जून १६५९ रोजी आदिलशहाने कारीच्या कान्होजी जेध्यांना खानास सामील होण्याचे फर्मान धाडले. वतन राखायचे की शब्द, असा तो पेच होता. कान्होजी पुत्रांसह राजगडी आले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. खानाच्या छावणीतील कोणत्याही प्रसंगाहून हा क्षण नाट्यमय आहे. त्यावर एक संपूर्ण चित्रपट व्हावा.

अभिप्राय : बोलण्यातले चातुर्य आवडणाऱ्यांसाठी उत्तम.

हर हर महादेव (२०२२)

दिग्दर्शक अभिजित देशपांडे. सुबोध भावे शिवराय, तर दोन वर्षांपूर्वी ‘तान्हाजी’मध्ये शिवराय झालेले शरद केळकर येथे बाजीप्रभू. दिवाळीत अनेक भाषांतून प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाभोवती लगेच वाद उठला. शिवराय आणि बाजीप्रभू यांच्या संबंधांच्या चित्रणावर टीका झाली; जेधे आणि बांदल घराण्यांच्या वंशजांनीही जाहीर आक्षेप नोंदवले.

वाद बाजूला ठेवून पाहिले तरी एक खंत उरतेच. बांदलांचा शिवरायांना आरंभी विरोध होता आणि रोहिड्याच्या संघर्षानंतर बाजीप्रभू स्वराज्यात आले, असे सांगितले जाते. विरोधात उभा असलेला माणूस पुढे त्याच राजासाठी प्राण देतो. या दोन टोकांमध्ये काय घडले असेल? कोणता शब्द, कोणती वागणूक, कोणता विश्वास? कथेचा जीव तेथे होता. चित्रपट त्या जागी आवेशाचे संवाद आणि संथ गतीने फिरणाऱ्या तलवारी ठेवतो. मन बदलणे पडद्यावर दाखवणे कठीण असते, म्हणूनच ते दाखवणाऱ्याचे मोल अधिक.

अभिप्राय : ‘पावनखिंड’ पाहिला असेल तर हा पाहण्याची घाई नको. पाहिलाच, तर नंतर घरातल्या जाणत्यांशी चर्चा व्हावी.

छावा (२०२५)

दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर, आधार शिवाजी सावंत यांच्या कादंबरीचा. विकी कौशल यांनी छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका सर्वस्व ओतून केली आहे. देशभर गर्दी खेचणाऱ्या या चित्रपटाचा उत्तरार्ध मात्र छळाच्या दृश्यांनी भरलेला आहे. सेन्सॉरने तो १६ वर्षांखालील मुलांसाठी पालकांच्या मार्गदर्शनाच्या वर्गात टाकला आहे. तरी आई-बापांच्या कुशीत बसून डोळे झाकणारी पाच-सहा वर्षांची मुले अनेक चित्रपटगृहांत दिसली. बलिदानाची थोरवी कळण्यासाठी प्रत्येक जखम जवळून पाहावी लागते का, याचा विचार दिग्दर्शकाने आणि पालकांनीही करावा. वेदना दाखवता येते, तशीच ती सूचितही करता येते. गणोजी आणि कान्होजी शिर्के यांच्या चित्रणावर त्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली, हेही नोंदवण्याजोगे. पडद्यावरचे पात्र हे कोणाच्या तरी घरातले माणूस असते.

या भव्य चित्रपटात एक छोटी भूमिका आहे. नीलकांती पाटेकर यांनी केलेली धाराऊची. सईबाईंचे ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडी निधन झाले, तेव्हा शंभूराजे अवघे सव्वादोन वर्षांचे होते. त्यांना आपले दूध पाजणारी धाराऊ गाडे ही भोर तालुक्यातील कापूरहोळची. पडद्यावर तिला फार वेळ मिळत नाही. पण जो पुत्र पुढे मृत्यूपुढेही वाकला नाही, त्याच्या अंगात या मातीतील एका आईचे दूध होते, एवढे जरी मुलांना सांगितले तरी चित्रपटातील गर्जनेहून ते अधिक काळ लक्षात राहील.

अभिप्राय : थोरांनी पाहावा. लहानांना धाराऊची गोष्ट सांगावी. चित्रपट काही वर्षे थांबू शकतो.

---

सहाही चित्रपट एकत्र पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते. जेथे नायक एकटा उंच होत जातो, तेथे चित्रपट मोठा आवाज करतो आणि लवकर विसरला जातो. जेथे त्याच्या सोबत बांदल, काशीद, वकील, हेर आणि दूधआई उभी राहते, तेथे तो घरी येतो. राजगड सुमारे पंचवीस वर्षे राजधानी होता, तो केवळ तटबंदीच्या बळावर नव्हे. खालच्या खोऱ्यांतील माणसांच्या भरवशावर.

या माणसांच्या खुणा पाहण्यासाठी तिकीट लागत नाही. सुट्टीत मुलांना घेऊन एकेक ठिकाण गाठता येते. पुणे-सातारा रस्त्यावरचे कापूरहोळ. भोरच्या पुढचे कारी. हिरडस मावळातील शिंद. राजगडाच्या पायथ्याचे पाल, जेथे सईबाईंची समाधी आहे. आणि वेल्ह्यापलीकडे केळदचा मढेघाट, जेथून तान्हाजींचे पार्थिव कोकणात उमरठला नेले, असे परंपरा सांगते. ‘तान्हाजी’ पाहून टाळ्या वाजवणारे मूल त्या घाटाच्या कडेला उभे राहिले की आपोआप गप्प होते. खाली कोकण पसरलेले असते, वारा असतो, आणि पार्श्वसंगीत नसते.

यंदाच्या मातीच्या किल्ल्यावर महाराजांची मूर्ती ठेवून झाली की तिच्या शेजारी एक बाई आणि दोन-चार साधे शेतकरीही ठेवावेत. ती कोण, असे पाहुण्यांनी विचारले, तर मुलाला उत्तर देता यावे.