एक दिनांक, दोन दिवस

वाङ्मयेतिहासात दिनांकांच्या योगायोगाला एक मोहिनी असते. २३ एप्रिल १६१६ हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. शेक्सपिअर आणि सर्व्हान्टीस यांचा मृत्युदिन म्हणून तो जोडीने सांगितला जातो; १९९५ मध्ये युनेस्कोने जागतिक ग्रंथदिनासाठी त्याच तारखेची निवड केली. वस्तुतः स्पेनने ग्रेगोरीय कालगणना १५८२ मध्येच स्वीकारली होती, तर इंग्लंडने ती १७५२ मध्ये स्वीकारली. १६१६ मध्ये या दोन गणनांत दहा दिवसांचे अंतर होते. म्हणजे इंग्लंडातील २३ एप्रिल हा स्पेनमधील ३ मे होय. शिवाय सर्व्हान्टीसचे निधन २२ एप्रिलला झाले व २३ ही दफनाची नोंद आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाने ही केवळ युरोपीय गंमत समजू नये. आपल्याकडे याच्या उलट प्रकारही घडतो: दिवस एकच, नावे दोन. ज्ञानदेवांच्या समाधीची तिथी शके १२१८, म्हणजे इ. स. १२९६ मधील, कार्तिक वद्य त्रयोदशी. महाराष्ट्रातील महिने अमान्त असल्याने तो पक्ष येथे कार्तिकाचा. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेत मात्र तोच मार्गशीर्षाचा ठरतो. रवींद्रनाथांचा जन्मदिवस पंचवीस वैशाख. तो १८६१ साली ७ मे रोजी आला होता. आज बांगलादेशात तो ८ मे रोजी, तर पश्चिम बंगालमध्ये बहुधा ९ मे रोजी येतो.

शकात ७८ मिळविले की इसवी सन मिळतो, हा सोपा हिशेबही चकवतो. तुकारामांच्या प्रयाणासाठी शके १५७१ ची फाल्गुन वद्य द्वितीया ग्राह्य धरली, तर बेरजेने १६४९ येते. परंतु त्या शकाचा फाल्गुन प्रत्यक्षात १६५० मध्ये पडतो. एका बेरजेने वर्षभराची चूक होते, आणि कोशांतून ती पिढ्यान्‌पिढ्या उतरत राहते.

यावरून सामायिक स्मृतिदिन निरर्थक ठरत नाहीत. समाजाला स्मरणासाठी एखादा दिवस लागतोच. परंतु स्मरणाची सोय हा पुरावा नव्हे. समकालीनत्वावरून प्रभावाचे, परस्परपरिचयाचे सिद्धान्त मांडणाऱ्या तुलनाकाराने तरी ही सीमा ओलांडू नये. बहुभाषिक वाङ्मयकोशांत प्रत्येक नोंदीपाशी मूळ तिथी, मासपद्धती व संवत्सरगणना प्रथम द्यावी आणि इसवी दिनांक त्यानंतर, कोणत्या गणनेने काढला ते सांगून, द्यावा. इतके केले तरी अनेक योगायोग आपोआप गळून पडतील.