ड्रोनचा कायदा आणि आपली मुले

निकाह-वलीम्याच्या शूटिंगसाठी ड्रोन उडवणारी मुले आता मालेगाव-भिवंडीत सर्रास दिसतात. कापडवाल्याला वाटेल, याच्याशी आपला काय संबंध? परंतु यातली काही मुले आपल्याच लूमवाल्यांची, शिलाईवाल्यांची आहेत. कर्ज काढून त्यांनी हे यंत्र घेतले आहे.

सरकारने ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी ड्रोनवर सरसकट बंदी घातली होती. 25 ऑगस्ट 2021 च्या नियमांनी खरी सूट दिली. 25 फॉर्मचे 5 झाले, दंड जास्तीत जास्त 1 लाख रुपये ठरला आणि नकाशावरील हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत परवानगीची गरज उरली नाही. 250 ग्रॅमपर्यंतच्या यंत्राला पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड यंत्र धंद्यासाठी उडवायचे तर लागते. नोंदणी मात्र छोट्या यंत्रालाही आहे, आणि ती योग्यच आहे. मांडवावर यंत्र कोसळले किंवा शेजारच्या गच्चीवरील आयाबहिणींवर कॅमेरा फिरला, तर जाब कोणाला विचारायचा? नंबर असला तर मालक सापडेल.

घोडे अडते ते दुसरीकडे. 9 फेब्रुवारी 2022 पासून तयार परदेशी ड्रोनच्या आयातीला बंदी आहे. देशी माल चालावा, हे कापडवाल्याला कोणी शिकवायला नको. पण चोरवाटेने आलेला माल बिनबिलाचा विकला जातो, आणि पक्क्या बिलाशिवाय मुलगा नोंदणी कशाच्या जोरावर करणार? त्यात मुंबईसारख्या शहरात पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात. ऑर्डर घेऊन बाहेरगावाहून आलेल्या मुलाला त्यांचा पत्ताच नसतो.

सप्टेंबर 2025 मध्ये केंद्राने एकीकडे ड्रोनवरील जीएसटी 5 टक्क्यांवर आणला, आणि त्याच महिन्यात नव्या कायद्याचा मसुदा काढला. सूचनांसाठी मुदत जेमतेम दोन आठवड्यांची. मसुद्यात 3 वर्षांपर्यंत कैद आहे आणि गुन्हे दखलपात्र, म्हणजे वॉरंटशिवाय अटक. माझा आक्षेप इथे आहे. जकात नाक्याचा जमाना ज्यांनी पाहिला, त्यांना हे लगेच समजेल. दर तर फलकावर छापलेले असत. ट्रक उभा राही तो अडवण्याच्या अधिकारामुळे. लग्नाच्या रात्री यंत्र अडकले, तर दंड परवडला पण खोळंबा नको, असे त्या मुलाला वाटणार. मग तो काय करील, हे सांगायला नको.

विमानतळ किंवा लष्करी ठिकाणावर जाणूनबुजून यंत्र नेणाऱ्याला कैद जरूर द्या. कागद अपुरा असेल तर दंड पुरे. जप्ती केली तर जागेवर पावती मिळावी, आणि पोलिसांचा मनाई आदेश त्याच सरकारी नकाशावर दिसावा. व्यापारी संघटनांनी खासदारांकडे एवढी मागणी लेखी नेली पाहिजे.

तोवर, ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी लग्नसराईआधी मुलाकडून बिल मागून पाहावे. नोंदणीची सरकारी फी 100 रुपये आहे.