मदतीला पैसा, सज्जतेला खडखडाट

आपत्तीशी कसे झुंजावे याचे शिक्षण देणारे देशातील सर्वांत मोठे शहर कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर नागपूर असेच द्यावे लागेल. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ सालापासून येथे आहे. त्याच वर्षी आणीबाणीच्या मदतकार्याचे प्रशिक्षण देण्यासाठी जी केंद्रीय संस्था येथे स्थापन झाली, तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून नावारूपाला आली आणि आता राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या प्रबोधिनीत विलीन झाली आहे. स्फोटके व पेट्रोलियम यांच्या सुरक्षिततेवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. प्रादेशिक हवामान केंद्र नागपुरात आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाच्या अगदी प्रारंभीच्या तुकड्यांपैकी एक धुळ्याला ठेवली गेली आणि दुसरी नागपूरला. देशभरचे अग्निशमन अधिकारी या शहरात शिकून आपापल्या गावी परततात. असे हे शहर २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे मात्र घरात छातीइतके पाणी शिरेपर्यंत झोपेत होते.

त्या रात्री काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला, नाग नदीने काठ सोडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून सीताबर्डीपर्यंतचा पट्टा पाण्याखाली गेला. मोरभवन स्थानकात एस. टी. गाड्या बुडाल्या. मूकबधिर विद्यालयातील मुलांना नौकांतून बाहेर काढावे लागले. लष्कराला पाचारण करण्यात आले. चार माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे दहा हजार घरांचे नुकसान झाले. दुसऱ्या दिवशीच मदतीचे आकडे जाहीर झाले : मृतांच्या वारसांना चार लाख, घरात पाणी शिरलेल्या कुटुंबाला दहा हजार, दुकानदाराला पन्नास हजारांपर्यंत, टपरीवाल्याला दहा हजार. या मदतीला आमचा आक्षेप नाही. ज्याच्या घरातील धान्य भिजले त्याला दहा हजारांत काय येते, हा प्रश्न अलाहिदा. परंतु ज्या तत्परतेने हे आकडे ठरले, त्या तत्परतेने कोणताही आकडा पुरापूर्वी ठरलेला नव्हता, आणि आमचा सारा रोख या एका विसंगतीवर आहे.

अंबाझरीचा बांध १८७० च्या सुमाराचा, म्हणजे दीडशे वर्षांहून जुना. त्याची मालकी महापालिकेची. बांधाच्या तांत्रिक सुरक्षिततेविषयी सल्ला व निर्देश द्यावयाचे जलसंपदा विभागाने. भोवतालच्या जमिनींवर आणि बांधकामांवर नागपूर सुधार प्रन्यासापासून मेट्रोपर्यंत अनेकांचा हात फिरलेला. पाणी जेथून बाहेर पडते त्याच मार्गासमोर एक भव्य स्मारक उभे करण्यात आले. पुरानंतर नागरिक जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेले, तेव्हा या सर्व यंत्रणांचे जबाब एकमेकांकडे बोट दाखवू लागले. स्मारक कोणाचे, परवानगी कोणाची, बांधाची मजबुती कोणी करावयाची, नदीच्या पात्रातील अतिक्रमणे कोणी काढावयाची, या प्रत्येक प्रश्नाला एकाहून अधिक मालक होते आणि म्हणून एकही मालक नव्हता. ज्या थोर संन्याशाचे ते स्मारक, त्याने आयुष्यभर दरिद्रीनारायणाच्या सेवेचा पुरस्कार केला. त्याच्या नावाने पाण्याची वाट अडवली जावी, हा दैवदुर्विलास म्हणावा की नगररचनेचा नमुना, हे वाचकांनीच ठरवावे.

आणखी एक गोष्ट त्या पहाटे नागपुरात नव्हती, आणि तिची चर्चा वृत्तपत्रांतून फारशी झाली नाही. महापालिकेत लोकनियुक्त सभागृहच अस्तित्वात नव्हते. सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, प्रशासक बसले आणि निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. जवळजवळ चार वर्षे या शहराचे अंदाजपत्रक एका अधिकाऱ्याने मांडले आणि त्यानेच मंजूर केले. पावसाळ्यापूर्वी नालेसफाई किती झाली, अग्निशमन दलातील किती पदे रिक्त आहेत, नौका किती आणि त्या चालविणारे किती, असा प्रश्न उभा राहून विचारण्याचा अधिकार असलेला एकही माणूस त्या सभागृहात नव्हता. सज्जतेचा प्रश्न हा केवळ यंत्रसामग्रीचा नसून लोकशाहीचाही आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठीच.

आता पैशाकडे वळू. २००५ च्या जुलैमध्ये मुंबई बुडाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. कायदा वाचावयास उत्तम आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण, सहअध्यक्ष म्हणून जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, दरवर्षी सुधारावयाचा जिल्हा आराखडा, असे सर्व त्यात आहे. कलम ४८ ने राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात दोन वेगवेगळे निधी स्थापन करण्यास सांगितले : एक आपत्ती आल्यावर खर्चावयाचा प्रतिसाद निधी आणि दुसरा आपत्तीचा घाव आधीच सौम्य करण्यासाठीचा शमन निधी. कलम ४९ ने केंद्राच्या व राज्याच्या प्रत्येक खात्याला आपल्या आपत्ती आराखड्यासाठी वार्षिक अंदाजपत्रकात तरतूद करण्याचे बंधन घातले. मेख अशी की हे बंधन खात्यांवर आहे, नगरपालिका-महापालिकांवर नाही. आणि आग विझविण्याचे काम तर घटनेच्या बाराव्या अनुसूचीप्रमाणे नागरी संस्थांकडे येते! ज्याने सर्वांत आधी धावून जावयाचे, त्याच्यासाठी पैसा राखून ठेवण्याची सक्ती कोणावरच नाही. अग्निशमन दलातील मंजूर पदे वर्षानुवर्षे रिक्त राहतात, काही कंत्राटी पद्धतीने भरली जातात, आणि चाळिशी-पन्नाशीतले जवान दोन माणसांचे काम एका पाळीत करतात, याचे मूळ या उणिवेत आहे.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीची जी वाटणी ठरविली, तीही पाहण्याजोगी आहे. शंभर रुपयांपैकी चाळीस तातडीच्या मदतीला, तीस पुनर्बांधणीला, वीस शमनाला आणि दहा पूर्वतयारी व क्षमतावाढीला. महाराष्ट्राच्या वाट्याला २०२१-२२ मध्ये सुमारे ४,२९६ कोटी रुपये आले. त्यातील पूर्वतयारीचा दहावा हिस्सा म्हणजे सुमारे ४३० कोटी, आणि तेवढ्यात छत्तीस जिल्ह्यांनी आपले नियंत्रण कक्ष, प्रशिक्षण आणि साधने उभी करावयाची. शमनासाठी स्वतंत्र वाटा ठेवला गेला, हे या आयोगाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. त्यापूर्वीच्या व्यवस्थेत तेवढेही नव्हते. परंतु व्यवहारात मदतीच्या रकान्यातून पैसा लगेच निघतो, कारण तेथे प्रेत असते, पंचनामा असतो, छायाचित्र असते आणि धनादेश देणारा मंत्री असतो. बांधाला मुरूम घालताना, भोंगा बसविताना किंवा फायरमनचे पद भरताना छायाचित्र निघत नाही.

कोणी असा युक्तिवाद करील की शेतकऱ्याला अवकाळीची मदत कमी करून तो पैसा शहरांच्या सज्जतेकडे वळवावा. हा युक्तिवाद आम्हांला साफ अमान्य आहे. विदर्भातील कोरडवाहू शेतकऱ्याला मिळणारी मदत आजही तुटपुंजी आहे. सज्जतेचा पैसा त्याच्या ताटातून नव्हे, स्वतंत्र तरतुदीतून आला पाहिजे.

सज्जता नसण्याची किंमत या प्रदेशाने किती वेळा मोजली आहे! ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. २०४ माणसे गेली. तेव्हा कायदा नव्हता, प्राधिकरण नव्हते, असे म्हणता येईल. मग ऑगस्ट २०२० चे काय? मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवरातून आणि पेंचवरील तोतलाडोहातून पाणी सुटले, कन्हान आणि वैनगंगा फुगल्या, गोसेखुर्दचे दरवाजे उघडले, आणि भंडारा, नागपूर, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील गावे वेढली गेली. पाणी काही आकाशातून थेट ब्रह्मपुरीच्या गावांवर पडले नव्हते. ते धरणाधरणांतून, तासांच्या हिशेबाने, मोजमाप करून आले होते. दोन राज्यांचे जलसंपदा विभाग, चार-पाच जिल्हाधिकारी, त्यांच्याखालील तहसीलदार, तलाठी, कोतवाल, पोलीस पाटील ही साखळी कागदावर पूर्ण आहे. पण वरच्या धरणाचा दरवाजा रात्री उघडला तर खालच्या गावातील कोतवालाच्या कानावर ते किती वाजता जाते, याची जबाबदारी कोणा एकावर टाकलेली नाही. नदीला जिल्ह्याची हद्द कळत नाही, निधीला मात्र ती नेमकी कळते. विदर्भाच्या दक्षिण टोकाला, सिरोंचाकडे मदतपथक निघावयाचे तर नागपूरपासून साडेतीनशेहून अधिक किलोमीटरचा रस्ता कापावा लागतो, आणि पुराच्या दिवसांत तो रस्ताच आधी बंद होतो. प्रादेशिक आराखडा आणि प्रादेशिक निधी यांची मागणी या अनुभवातून येते.

आगीची आणि स्फोटांची कथा याहून विदारक आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बालके दगावली. अग्निसुरक्षेचा राज्य कायदा २००६ चा. शासन त्याची सक्ती खाजगी इमारतींवर करीत होते आणि शासनाच्याच रुग्णालयात ती पाळली गेली नव्हती. १७ डिसेंबर २०२३ रोजी अमरावती मार्गावरील बाजारगावच्या स्फोटक कारखान्यात नऊ कामगार ठार झाले. १३ जून २०२४ रोजी धामण्याच्या कारखान्यात सहा कामगार बळी गेले, त्यांत पाच स्त्रिया होत्या. पुढे जखमींपैकीही काहींनी प्राण सोडले. या मुली आसपासच्या खेड्यांतील, काही वीस-बावीस वर्षांच्या, वाती आणि दारू हाताळण्याच्या कामाला जुंपलेल्या. स्फोटकांच्या सुरक्षिततेचे देशाचे मुख्यालय ज्या जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात सहा महिन्यांच्या अंतराने हे घडले. तेथे पोचणारा बंब कोणाचा? शहराबाहेर महापालिकेचा अधिकार संपतो, औद्योगिक वसाहतीचे केंद्र आपल्या वसाहतीपुरते, आणि ग्रामपंचायतीकडे पाण्याचा टँकर असला तरी पुष्कळ. भाजलेल्या कामगाराला नागपूरच्या रुग्णालयापर्यंत आणताना जी घटका-दोन घटका जाते, तीच बहुधा त्याच्या आयुष्याचा निकाल लावते. कारखानदाराकडून परवान्याचे शुल्क केंद्राला, कर राज्याला, आणि अपघाताचा भार जवळच्या गावाला, अशी ही विभागणी आहे.

२०२५ साली केंद्राने आपत्ती कायद्यात दुरुस्ती केली आणि महापालिकांच्या शहरांसाठी स्वतंत्र नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमण्याची मुभा राज्यांना दिली. दिशा बरोबर आहे. पण प्राधिकरणाचा अध्यक्ष आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी! जिल्हा प्राधिकरणात निदान जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला सहअध्यक्षाची खुर्ची आहे, शहरात महापौराला तेवढेही स्थान कायद्याने दिलेले नाही. शिवाय या नव्या प्राधिकरणासाठी स्वतंत्र निधीची हमी नाही. म्हणजे शहराच्या सुरक्षिततेचा कारभार पुन्हा दोन अधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि पैसा पुन्हा कोणाच्याच टेबलावर नाही. नागपुरात आता निवडून आलेले सभागृह आहे. त्याने हे प्राधिकरण मागताना त्यात लोकप्रतिनिधींना आणि अग्निशमन कामगारांच्या प्रतिनिधीला जागा मागितली पाहिजे. अंदाजपत्रकात आपत्ती सज्जतेचे स्वतंत्र शीर्ष उघडून त्यातील पैसा दुसरीकडे वळविता येणार नाही असा ठराव केला पाहिजे आणि रिक्त पदे कंत्राटाने नव्हे, कायम नेमणुकीने भरली पाहिजेत. स्फोटकांच्या कारखान्यांवर सुरक्षा उपकर बसवून त्यातून काटोल आणि अमरावती मार्गांवर सामायिक अग्निशमन केंद्रे व भाजलेल्यांच्या उपचाराची सोय उभी करणे, हे राज्य शासनाचे काम आहे.

या कामाला सभा-मोर्चे लागतीलच, पण आधी माहिती लागेल. म्हणून शहर व ग्रामीण शाखांच्या कार्यकर्त्यांना आमची सूचना आहे की पावसाळ्यापूर्वी त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे आणि महापालिकेकडे अर्ज करावेत. जिल्हा शमन निधी स्थापन झाला आहे काय आणि गेल्या पाच वर्षांत त्यातून कोणते काम झाले. अग्निशमन दलाची मंजूर व भरलेली पदे किती. अंबाझरीच्या बांधाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेची. तोतलाडोहाचा दरवाजा उघडल्यावर मौदा आणि पारशिवनी तालुक्यांतील कोणत्या गावाला कोण, कोणत्या साधनाने कळवितो. नदीकाठच्या कार्यकर्त्यांनी हाच शेवटचा प्रश्न आपल्या कोतवालालाही विचारावा आणि कार्यालयाचे उत्तर त्याच्या उत्तराशी ताडून पाहावे. उत्तरे जशी येतील तशी ती आम्ही या पानावर छापू.