एकोणचाळिशीतला उपविजेता

जानेवारी २०१९. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपनच्या पुरुष एकेरीचा अंतिम सामना. केविन अँडरसनने इव्हो कार्लोविचला ७-६, ६-७, ७-६ असं हरवलं. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि हरणाऱ्याचं वय होतं ३९! १९७७ साली केन रोझवॉल खेळला, त्यानंतर इतक्या वयाचा खेळाडू एटीपीच्या एकेरीच्या अंतिम फेरीत आला नव्हता.

आम्हा बँकवाल्यांची निवृत्ती जन्मतारखेवरून ठरते. साठाव्या वर्षी मी हार-नारळ घेऊन घरी आलो आणि वर्षभर उगाच म्हातारा होऊन बसलो. एकेरीत चूक सावरायला जोडीदार नसतो, वय लपवता येत नाही. पण तिथे निकाल खेळ लावतो, जन्मदाखला नव्हे. तेव्हा मंडळी, घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘आता स्वस्थ बसा’ म्हणण्याआधी त्यांना एक सर्व्हिस तरी करू द्या. हरले तरी चालेल.