महिरप, मोती आणि माऊस

तंजावूरच्या राजवाड्यातला मराठ्यांचा दरबार पाहायला गेलेल्या माणसाची नजर आधी जाते ती रंगवलेल्या खांबांकडे आणि त्यांवरच्या महिरपींकडे. तंजावूर शैलीच्या चित्रांतही हीच महिरप भेटते. मध्ये गुबगुबीत बाळकृष्ण, वर महिरप, दोन्ही बाजूंना सारलेले पडदे आणि कडेने खड्यामोत्यांची ओळ, त्यावर सोन्याचा वर्ख! राजवाड्याच्या आसपासच्या दुकानांत ही चित्रे आजही विकायला असतात. चित्रकार एकेक खडा हाताने बसवतो आणि पडदा महिरपीबाहेर जाणार नाही, हे कुंचल्यानेच सांभाळतो.

हीच महिरप लग्नपत्रिकेसाठी संगणकावर काढायची तर कामे दोनच. एका मोत्याचे दोनशे मोती करायचे आणि पडद्याचा महिरपीबाहेर जाणारा भाग झाकायचा. आपल्याकडे घरच्या घरी पत्रिका, फलक, स्टिकर यांची कामे करणाऱ्या अनेकांचा हात कोरलड्रॉवर बसलेला आहे. पण कधी छापखाना इलस्ट्रेटरची फाईल मागतो, कधी खर्च परवडत नाही म्हणून फुकट मिळणारे इंकस्केप घ्यावे लागते. मग तीच बटणे भलतेच काही करू लागतात. पत्रिका उद्या द्यायची असली म्हणजे रडू यायचेच बाकी राहते.

कोरलमध्ये मोती निवडून कंट्रोल-डी दाबले, की थोडा बाजूला दुसरा मोती उमटतो. इलस्ट्रेटरमध्ये त्याच कंट्रोल-डीचा अर्थ ‘आधी जे केले तेच पुन्हा कर’ असा आहे. आपण मोती नुसता सरकवला असेल, तर दुसरा मोती होत नाही, पहिलाच आणखी पुढे सरकतो! तिथे आधी ऑल्ट दाबून मोती ओढायचा, म्हणजे नक्कल निघते. त्यानंतर कंट्रोल-डी दाबत गेले, की सारख्या अंतरावर माळ ओवली जाते. एकदा जमले की ही रीत कोरलपेक्षाही सोयीची वाटते.

इंकस्केपची गंमत वेगळी. तिथे कंट्रोल-डीने नक्कल निघते, पण ती मूळ मोत्यावर बरोब्बर बसते, म्हणून दिसत नाही. काहीच झाले नाही असे समजून माणूस तीनदा बटण दाबतो आणि एकावर एक चार मोती साचतात. पडद्यावर कळत नाही. स्टिकर कापायच्या यंत्रावर मात्र तीच रेघ चार वेळा कापली जाते.

नकलेचा आणखी एक प्रकार आहे. सरफोजीराजे दुसरे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तंजावुरात देवनागरी छापखाना चालवला, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. खिळ्यांच्या छपाईत एक खिळा घासून दुरुस्त केला तर त्याची भावंडे तशीच राहतात. साचाच दुरुस्त केला, तर पुढचे सगळे खिळे सुधारून निघतात. साधी नक्कल त्या खिळ्यासारखी. ‘क्लोन’ मात्र साच्यावरही ताण करतो, कारण आधी काढलेले मोतीसुद्धा मूळ मोत्याबरोबर रंग बदलतात. कोरलमध्ये तो एडिट यादीत मिळतो, इंकस्केपमध्ये ऑल्ट-डीने होतो, इलस्ट्रेटरमध्ये त्या जागी ‘सिम्बॉल’ वापरतात. फाईल एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना हे नाते बहुधा तुटते. म्हणून मोत्याचा रंग यजमानांकडून आधी पक्का करून घ्यावा आणि मगच फाईल हलवावी.

आता पडदा. कोरलमध्ये पडदा निवडायचा, पॉवरक्लिपचा हुकूम द्यायचा आणि बाण महिरपीवर टेकवायचा. पडदा आत जातो, महिरपीची सोनेरी कड जागेवर राहते. इलस्ट्रेटर आणि इंकस्केपमध्ये मात्र महिरप पडद्याच्या वर ठेवावी लागते. दोन्ही निवडून इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-सात दाबावे, इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट यादीतले ‘क्लिप’ घ्यावे. पडदा नीट कापला जातो, पण महिरपीचा रंग आणि कड दोन्ही गायब! त्यासाठी आधीच महिरपीची एक नक्कल बाजूला काढून ठेवावी आणि शेवटी ती वरून बसवावी. इंकस्केपची ती ‘न दिसणारी’ नक्कल इथे कामाला येते, कारण ती आयतीच योग्य जागी असते.

इंकस्केपमध्ये क्लिपच्या शेजारी ‘मास्क’ही आहे. क्लिप कात्रीसारखी सरळ कापते. मास्कमध्ये पांढऱ्याखालचे दिसते, काळ्याखालचे लपते आणि करड्याखालचे अर्धवट दिसते. पडद्याची कड हळूहळू विरत न्यायची असेल तरच त्याच्या वाटेला जावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे झाकलेला भाग फाईलमधून पुसला जात नाही. जुन्या पत्रिकेवरून नवी बनवताना आधीच्या यजमानांचा दूरध्वनी क्रमांक महिरपीआड लपवला, तर तो फाईलबरोबर छापखान्यात पोचतो आणि तिथे कुणीही क्लिप सोडवून वाचू शकतो. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबले, की नुसत्या रेघांचा सांगाडा दिसतो आणि आड काय दडले आहे ते उघडे पडते. नको असलेला मजकूर पुसूनच टाकावा. छापखान्याला चालत असेल तर तीनशे डीपीआयचे सपाट चित्र करून द्यावे, कारण त्यात दिसते तेवढेच जाते. मूळ फाईल मात्र आपल्याजवळ जपून ठेवावी. सपाट चित्रातला मोती पुन्हा सुटा करता येत नाही.